डाव्या हाताचे टाके

बैठक तीन वाजता ठरली होती, तरी आत्यासाहेब दोनपासूनच दिवाणखान्यात येऊन बसल्या होत्या. चाळीस माणसं सहज मावतील अशा त्या दालनात आज सहाच जणांना बसायचं होतं. पण आत्यासाहेबांना जागा मोक्याची हवी होती, जिथून प्रत्येकाचं तोंड दिसेल आणि आपलं कुणाला दिसणार नाही अशी. या घरात कित्येक वर्षांनी काहीतरी घडणार होतं आणि त्यातला एकही शब्द चुकवायची त्यांची तयारी नव्हती.

डावरी बरोबर तीनला आली. मोठ्या घरात ती आजवर शेकडो वेळा आली होती, पण नेहमी मागच्या बाजूने, तबेल्यातून, खांद्यावर लगामांचं ओझं घेऊन. आज पुढच्या दाराने आली आणि पायपुसण्यावर पाय किती वेळ पुसायचे हेच तिला कळेना.

"बास की गं," दार उघडणारा म्हातारा नोकर पुटपुटला. "पायपुसणं झिजायला लागलं."

ती हसली, पण काखेतलं फडक्याचं गाठोडं तिने आणखी घट्ट धरलं. त्या गाठोड्यात एक पट्टा होता. तो उघडल्यावर या घराचं दार, पुढचं काय आणि मागचं काय, आपल्याला कायमचं बंद होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

झालं होतं ते असं. डावरी खोगीरवाल्याची मुलगी. ती डाव्या हाताने शिवायची, म्हणून तिच्या शिलाईचे टाके दुसऱ्या कुणाहीपेक्षा उलटे, डावीकडे कलायचे. बापाची नजर मंदावली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तेव्हापासून दुकानातली निम्मी शिलाई तीच करायची आणि नाव बापाचं व्हायचं. गेल्या वर्षापासून मोठ्या घरातले धाकटे सरकार दर आठवड्याला काही ना काही दुरुस्तीला घेऊन येऊ लागले. ज्या माणसाने सात वर्षांत घोड्यावर मांड टाकली नव्हती त्याची खोगिरं इतकी कशी उसवतात, हा प्रश्न गावाला पहिल्या महिन्यातच पडला. डावरीला पडायला आठ महिने लागले.

धाकटे लग्नाचं विचारायला आले ते चार दिवसांपूर्वी. त्यांनी आधी विचारलं, मग "उत्तर देण्याआधी हे बघा" म्हणून खिशातून एक तुटका तंग काढून तिच्या कामाच्या फळीवर ठेवला. तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा. सात वर्षं तो त्यांनी टेबलाच्या खणात जपून ठेवला होता. थोरला भाऊ बागेच्या भिंतीवरून घोडा उडवायला गेला, तंग तुटला, भाऊ खाली आला आणि त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला तो कायमचा. आणि तो तंग त्या सकाळी आवळला होता धाकट्यांनी.

"मी जोर जास्त लावला," धाकटे म्हणाले. "सात वर्षांत एक दिवस असा गेला नाही की मला ते आठवलं नाही. मी असा माणूस आहे. हे ठाऊक असूनही हो म्हणणार असाल तर म्हणा."

डावरीने पट्टा हातात घेऊन उजेडात धरला. तुटलेल्या जागी दोऱ्याचे तीन टाके शिल्लक होते. तिन्ही डावीकडे कललेले. "चार दिवस द्या," एवढंच ती कशीबशी बोलली. तंग तिने ठेवून घेतला. पुढच्या चार दिवसांत तिने दोन लगाम उलटे शिवले आणि बापाने प्रथमच विचारलं, "तुझं लक्ष कुठंय, पोरी?"

तर आता ती दिवाणखान्यात उभी होती.

बाईसाहेब, म्हणजे या दोघा भावांची आई, मधल्या उंच खुर्चीत ताठ बसल्या होत्या. खिडकीशी लांब आरामखुर्चीत थोरले, पाय उशीवर, दोन काठ्या बाजूला. त्यांच्याशेजारी थोरल्या सूनबाई, हातात विणकाम, पण सुया एकाच जागी थांबलेल्या. धाकटे उभेच होते. ते खोलीत आले की सहसा उभेच असत, कारण थोरल्यांना कधी काय लागेल सांगता येत नसे.

"बस," बाईसाहेब म्हणाल्या. डावरी खुर्चीच्या कडेवर बसली.

"धाकट्या, ती खिडकी जरा," थोरले गोड आवाजात म्हणाले. धाकट्यांनी खिडकी लावली. "एवढी नको रे." धाकट्यांनी अर्धी उघडली. थोरल्यांनी डावरीकडे बघून हसून मान हलवली. माणूस मोठा लाघवी. त्यांच्यावर कुणाला रागावताच येत नसे आणि डावरीलाही येत नव्हतं. पण गेल्या पाच मिनिटांत धाकटे खिडकीकडे, उशीकडे आणि पडलेल्या वर्तमानपत्राकडे मिळून चार वेळा धावले होते, हे तिने मोजलं होतं.

"मला तुझ्याबद्दल काही वाईट म्हणायचं नाही," बाईसाहेबांनी सुरुवात केली. "पण आमच्या घरात खोगिरं वापरतात. शिवत नाहीत."

"म्हणूनच उसवतात, वहिनी," आत्यासाहेब कोपऱ्यातून म्हणाल्या.

"वन्सं, तुम्ही ऐकायला आला आहात ना?"

"ऐकतेच आहे. मधेमधे घसा साफ करते."

"आई, माझं म्हणणं एवढंच," थोरले म्हणाले, "की घाई कशाला? बत्तीस म्हणजे काही वय झालं नाही त्याचं. लग्न झालं की माणूस विभागला जातो. माझं काय, मी आपला पडून असतो एका जागी. माझा विचार करूच नका."

हे वाक्य त्यांनी इतक्या वर्षांत इतक्या वेळा म्हटलं होतं की ते ऐकताच घरातले सगळे त्यांचाच विचार करू लागत. धाकट्यांचं तोंड उतरलं. सूनबाई मात्र सुयांकडे बघत एकदम म्हणाल्या, "झालं लग्न तर बरंच होईल."

बाईसाहेबांनी चमकून पाहिलं. कालपर्यंत सूनबाई त्यांच्या बाजूच्या होत्या.

"नाही, म्हणजे भावजी सकाळी यांचे जोडे घालतात, दुपारी कचेरीत यांच्या जागी बसतात, संध्याकाळी यांना वाचून दाखवतात. मग हे म्हणतात, 'दमलो.' मला जरा बघायचंय हे कशाने दमतात ते."

आत्यासाहेबांनी घसा फार जोरात साफ केला.

"मी चौकशी केली आहे," बाईसाहेब आवाज चढवून म्हणाल्या, म्हणजे बाकीच्यांचा आपोआप उतरला. "गावात अकरा जणांना विचारलं. काही म्हणाले उद्धट आहे, काही म्हणाले कामात हात धरणारं कुणी नाही. पण एक गोष्ट सगळ्यांनी सांगितली. तू खोटं बोलत नाहीस. फौजदारांनी नवा कमरपट्टा घालून 'कसा दिसतो' विचारलं तर म्हणालीस, 'पट्टा छान आहे, साहेब, आता पोट कमी करा.'"

"त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं," डावरी म्हणाली.

"दोन महिने ते त्या रस्त्याने गेले नाहीत." बाईसाहेबांच्या ओठांचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला. त्यांनी पदर सारखा केला. मग मुलाकडे न बघता म्हणाल्या, "या घरात गोड बोलणारे पुष्कळ आहेत. मी त्यांना कंटाळले आहे. मला सात वर्षांत या मुलाला हसताना बघायला मिळालेलं नाही, आणि तुझ्या दुकानातून येतो तेव्हा निदान जेवतो तरी. माझी हरकत नाही. आता तू काय म्हणतेस ते सांग."

धाकट्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून डावरीला वाटलं, गाठोडं असंच काखेत धरून घरी जावं आणि रात्री चुलीत टाकावं. कुणाला काय कळणार होतं? टाके उलटे की सुलटे, हे ओळखणारी या अख्ख्या गावात ती एकटीच. नुसतं हो म्हटलं की झालं. आणि तिला हो म्हणायचंच होतं.

तिने गाठोडं टेबलावर ठेवलं आणि उघडलं.

"बाईसाहेब, आधी हे ऐका. मग हरकत आहे की नाही ते ठरवा." तिने तुटका तंग पुढे धरला. "हा तंग धाकट्या सरकारांनी जोर लावल्यामुळे तुटला नाही. तंग आवळायलाच असतो. चांगला शिवलेला तंग दोन माणसं लोंबकळली तरी तुटत नाही. हा इथे, शिलाईवर सुटलाय. आणि ही शिलाई माझी आहे."

तिने तुटकं टोक बाईसाहेबांपुढे सरकवलं.

"हे बघा, टाके डावीकडे कललेत. माझ्याशिवाय असे कुणी घालत नाही. आणि ते कच्चे आहेत. पट्टा जागेवर धरायला आम्ही आधी मेण न लावलेल्या दोऱ्याने लांब लांब टाके घालतो, मग पक्की शिलाई. हा अर्धवटच राहिला होता. बाबांना ताप होता, मी एकटी होते, दुकान सोडून घरी गेले आणि हा खुंटीवर तसाच टांगला. नंतर पाहिलं तर नव्हता, आणि कुठे गेला याची मी चौकशी केली नाही. तुमच्या मुलाचा पाय माझ्यामुळे गेला. आणि यांची सात वर्षं."

बाईसाहेबांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "तू," त्या म्हणाल्या.

"कधी कळलं तुम्हाला?" धाकट्यांनी विचारलं. खोगीरवाल्याच्या मुलीला या घरात तेवढेच एक 'तुम्ही' म्हणत, आणि आताही ते विसरले नव्हते. तिला त्याचं जास्तच रडू आलं.

"तुम्ही फळीवर ठेवलात तेव्हाच. चार दिवस मागितले ते विचार करायला नव्हे. धीर गोळा करायला."

"थांब थांब," आत्यासाहेब आता कोपरा सोडून पुढच्या खुर्चीवर आल्या होत्या. "अर्धवट काम लोक चुकून नेतील, याला तुमच्या धंद्यात काही उपाय नाही?"

"आहे. अर्धवट कामाच्या बक्कलला आम्ही लाल दोरा बांधतो. लाल दोरा असला की न्यायचं नाही, हे तबेल्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं."

"मग याला बांधला नव्हतास?"

डावरीने डोळे मिटले. गेले चार दिवस ती हेच आठवत होती. "बांधला असेन असं वाटतं. पण वाटणं म्हणजे आठवणं नव्हे. मला नाही आठवत. म्हणून बांधला होता असं मी म्हणणार नाही."

"अगं वेडे," आत्यासाहेब हळहळल्या, "म्हणून टाक ना! कोण विचारायला येतंय?"

"मी येईन विचारायला. रोज."

बाईसाहेब उठून उभ्या राहिल्या. त्या आता काय बोलणार हे सगळ्यांना दिसत होतं. धाकटे एक पाऊल पुढे आले, आईच्या आणि डावरीच्या मधे. तेवढ्यात आरामखुर्ची करकरली.

थोरल्यांनी उशीवरचा पाय स्वतःच्या हातांनी उचलून खाली ठेवला होता. हे त्यांनी स्वतः केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सूनबाईंनी विणकाम बाजूला ठेवलं आणि नवऱ्याकडे निरखून पाहिलं. पंधरा वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळलं होतं की हा माणूस गोड बोलतो तेव्हा काळजी नसते, तो गप्प बसला की काहीतरी असतं.

"बोला," सूनबाई म्हणाल्या.

"काय बोलू?"

"जे घशात अडकलंय ते."

थोरल्यांनी एक काठी उचलली, परत ठेवली. "दोरा होता," ते म्हणाले.

"काय?"

"लाल दोरा. होता. चांगला दोन गाठी मारून बांधला होता या मुलीने. मी चाकूने कापला." ते डावरीकडे बघू शकले नाहीत, म्हणून वर्तमानपत्राशी बोलू लागले. "माझा तंग जुना झाला होता. धाकट्याशी पैज लागली होती भिंतीवरून उडी मारायची. दुकानात गेलो तर कुणी नव्हतं. खुंटीवर हा नवाकोरा दिसला. मला माहीत होतं लाल दोऱ्याचं. म्हटलं, एका उडीपुरता चालेल. सकाळी धाकट्याला दिला आणि म्हटलं, कस."

"दादा," धाकटे म्हणाले. एवढंच.

"मी सांगणार होतो! शुद्धीवर आलो तर तू उशाशी बसून रडत होतास. माझा हात धरून म्हणत होतास, माझं चुकलं, माझं चुकलं. माझ्यासाठी कुणी असं रडलं नव्हतं रे. मला बरं वाटलं. म्हटलं, आज राहू दे, उद्या सांगू. मग दुसऱ्या दिवशी तू माझे जोडे घातलेस." ते थांबले. "मग उद्या फार झाले. इतके झाले की सांगायची लाज वाटायला लागली. आणि आज ही पोर येते, माझा गुन्हा स्वतःच्या डोक्यावर घेते आणि वर म्हणते, दोरा आठवत नाही. आता मी तोंड मिटून बसलो असतो तर मला माणूस म्हणायला तुम्हाला सुद्धा जड गेलं असतं."

"मला आत्ताही जातंय," सूनबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि आवाज मात्र तापला होता. "सात वर्षं रोज रात्री तेल चोळून घेतलंत माझ्याकडून. चोळताना एकदाही वाटलं नाही सांगावंसं?"

"पाय खरंच दुखतो गं."

"दुखतो ते ठाऊक आहे मला! पायाबद्दल नाही बोलत आहे मी!"

धाकटे पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. बाईसाहेब घाबरून पुढे झाल्या, पण ते वळले तेव्हा रडतही होते आणि हसतही होते, आणि यातलं कुठलं थांबवावं हे त्यांना समजत नव्हतं.

"सात वर्षं," ते म्हणाले, "मी तुझे जोडे घालतोय."

"घट्ट घालतोस, तेही," थोरले कसंनुसं म्हणाले.

आत्यासाहेबांच्या तोंडून हसू फुटलं आणि त्यांनी ते पदरात दाबलं. धाकट्यांचं हसू मात्र थांबलं. ते भावासमोर येऊन उभे राहिले.

"मी आज तुला माफ करणार नाही, दादा. कदाचित उद्याही नाही. मला फार राग आलाय. इतका राग मला स्वतःशिवाय कुणाचाच आला नव्हता, त्यामुळे जरा जड जातंय. उद्यापासून कचेरीत तू बसायचंस. गाडी दारात येईल, चढायला माणूस देईन. जोडे तुझे तू घाल."

थोरल्यांनी आईकडे पाहिलं. आईने दुसरीकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं, तिने विणकाम परत हातात घेतलं. शेवटी आत्यासाहेबांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? मी फक्त ऐकायला आलेय."

बाईसाहेबांना डावरीला काहीतरी म्हणायचं होतं. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. त्या तिच्याजवळ आल्या, तिच्या खांद्यावर नसलेली धूळ झटकली आणि म्हणाल्या, "दोन गाठी मारल्या होत्यास म्हणे."

"तरी तो खुंटीवर टांगायला नको होता, बाईसाहेब. तेवढं माझं चुकलंच."

"आता पुरे कर गं बाई!" बाईसाहेब कळवळून म्हणाल्या. "एवढं खरं एका दिवसात सोसत नाही आम्हाला."

धाकटे डावरीला पोचवायला निघाले. बाहेरच्या पायऱ्यांवर ऊन होतं. दोघं अर्ध्या पायऱ्या उतरली आणि थांबली. ती तिथेच बसली. तेही शेजारी बसले, मोठ्या घरातला माणूस भर दुपारी दगडावर बसतो का, याचा विचार न करता.

"मला भीती वाटतेय," ते म्हणाले. "मी तुम्हाला विचारलं तेव्हा मला माहीत होतं मी कोण आहे. अपराधी माणूस. त्याची सवय झाली होती. आता तो नाही, तर उरलं काय, मला खरंच माहीत नाही. तुम्हाला कोण मिळेल ते सांगता येत नाही."

"विसराळू माणूस मिळेल," डावरी म्हणाली. "खोगीर दुरुस्तीला आणून ते न देताच परत घेऊन जाणारा. गेल्या महिन्यात दोनदा झालं."

"तुमच्याकडे बघत राहिलो म्हणून."

"ते मला ठाऊक आहे."

ते खाली बघून हसले. मग हळूच म्हणाले, "उत्तर राहिलंय तुमचं."

"हो," ती म्हणाली. "हो म्हणायचं ठरवूनच आले होते. फक्त आधी ते सांगायचं होतं."

"आणि ते ऐकून मीच नाही म्हटलं असतं तर?"

ती विचारात पडली. तिला प्रश्न विचारला की ती खरोखर विचार करून उत्तर द्यायची.

"तर घरी जाऊन रडले असते. आणि सकाळी दुकान उघडलं असतं."

"बस? अहो, निदान आज तरी म्हणा की मरून गेले असते!"

"मेले नसते," डावरी म्हणाली आणि तिने डावा हात त्यांच्या हातावर ठेवला. "पण रडायची मात्र थांबले नसते. दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, रोज."

धाकट्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती, आणि ही मुलगी वाढवून काही सांगत नाही, हे गावातल्या अकरा जणांनी सांगितलं होतं. तिचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि घट्ट आवळला, आणि आपण जोर जास्त लावतोय की काय, हे त्यांच्या मनातही आलं नाही.